सेलाफील्डच्या किनाऱ्यावर लहान मुलांना घेऊन जावे का?

मँचेस्टरहून इंग्लंडच्या वायव्येतल्या लेक डिस्ट्रिक्टला जाताना सेलाफील्डचा अणुकारखाना आणि त्याच्या शेजारचा किनारा पाहण्यासारखा आहे का, आणि मुलांना तिथे नेणे धोक्याचे ठरेल का, असे आपण विचारले आहे. किनारा अवश्य पाहावा आणि मुलांनाही न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ कारखाना पाहायचा असेल तर मात्र जाऊ नये, कारण सामान्य पर्यटकाला आत प्रवेश नाही, पूर्वीचे अभ्यागत केंद्रही बंद झाले आहे, आणि कुंपणाबाहेरून दिसते ते कोणत्याही मोठ्या कारखान्याचे दिसते तसेच.

या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटले, कारण माझे बालपण तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत गेले. चिंचणीच्या वाळूत आम्ही खेळलो आणि तिथल्याच समुद्रातली मासळी खाल्ली. सुट्टीत पुण्याकडच्या नातेवाइकांना डहाणूचे चिकू नेले, की काही घरांत ते न खाताच बाजूला ठेवले जात आणि आमच्या प्रकृतीची चौकशी वेगळ्याच सुरात होई. एखाद्या किनाऱ्याविषयी कोणी असे विचारले, की मला प्रथम तिथे राहणारी मुले आठवतात.

काही वर्षांपूर्वी बहिणीच्या कुटुंबासह मी सीस्केलला गेलो होतो. कारखान्याला अगदी लागून असलेले हे समुद्रकाठचे गाव. भरती ओसरून वाळू दूरवर उघडी पडली होती आणि भाचरे बूट काढून तयार होती, पण भाऊजींनी गाडीचे दार उघडू दिले नाही. इथली हवा काय आहे हे तुला ठाऊक नाही, असे ते मला, तारापूरच्या मुलाला, सांगत होते. मी एकटाच खाली उतरलो. तिथे कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी मी कुठला अशी चौकशी केली, आणि अणुवीज केंद्राच्या वसाहतीत वाढलो असे सांगताच त्या मनापासून बोलू लागल्या. त्यांचे सासरे जवळच्या व्हाइटहेवन गावच्या कोळसा खाणीत होते आणि पती कारखान्याशेजारच्या कॅल्डर हॉल या अणुवीज केंद्रात. माहेर शेतकऱ्याचे असल्यामुळे १९५७ च्या ऑक्टोबरात घरच्या गाईंचे दूध वडिलांनी दिवसेंदिवस ओतून दिलेले त्यांनी पाहिले होते, आणि आंबलेल्या दुधाचा तो वास त्यांच्या अजून लक्षात होता.

त्या दुधामागची हकिगत जाण्यापूर्वी वाचून घ्यावी. सेलाफील्डचे नाव तेव्हा विंडस्केल होते. बॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणाऱ्या, हवेने थंड ठेवल्या जाणाऱ्या एका अणुभट्टीला १० ऑक्टोबर रोजी आग लागल्याचे उघड झाले. दुसऱ्या दिवशी पाणी सोडूनही ती आटोक्यात येईना, तेव्हा उपव्यवस्थापक टॉम टुओही यांनी भट्टीची हवाच बंद करवली आणि आग विझली. बाहेर पडलेल्या किरणोत्सारी आयोडीनमुळे सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातल्या दुधावर बंदी आली. भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या आग्रहावरून धुरांड्यांच्या माथ्यावर गाळण्या बसवल्या होत्या आणि त्यांना वायफळ खर्च म्हणून हिणवले जात होते. त्या गाळण्या नसत्या तर हानी कितीतरी मोठी झाली असती. शेजारचे कॅल्डर हॉल आदल्याच वर्षी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते सुरू झाले होते आणि ते २००३ पर्यंत वीज देत राहिले. व्हाइटहेवनची हेग ही शेवटची खोल खाण १९८६ मध्ये बंद पडल्यावर या भागाचा संसार मुख्यतः याच कारखान्यावर चालला. आता तिथे वापरलेल्या अणुइंधनाची पुनर्प्रक्रिया थांबली असली, तरी जुना कचरा निस्तरण्याच्या कामावर हजारो लोक आहेत.

गाडीत परतल्यावर भाऊजींनी सीस्केलच्या मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचा विषय काढला. तो खरा आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. गावात हे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे याच तपासासाठी सरकारने नेमलेल्या ब्लॅक समितीच्या १९८४ च्या अहवालानेही मान्य केले. मात्र कारखान्यातून बाहेर पडलेला किरणोत्सार त्याचे स्पष्टीकरण देण्यास फारच अपुरा ठरतो, असे नंतरच्या सरकारी तज्ज्ञ समित्यांना आढळले, आणि बाहेरून मोठ्या संख्येने लोक आल्याने पसरलेल्या एखाद्या संसर्गाकडे अनेक संशोधकांचा रोख आहे. दुपारभर वाळूत खेळणाऱ्या मुलाचा त्या आकड्यांशी काहीही संबंध जोडता येत नाही, हे मी तेव्हाही सांगितले होते. २००६ पासून वाहनांवर बसवलेल्या यंत्रांनी हे किनारे पद्धतशीर तपासले जातात. किरणोत्सारी कण सापडतात आणि ते उचलून नेले जातात, आणि तिथे फिरणाऱ्यांना असलेला धोका अत्यल्प असल्याचा आरोग्य यंत्रणेचा निष्कर्ष आहे.

मी कारखान्याची वकिली करतो आहे, असे कृपया समजू नये. १९८३ मध्ये किरणोत्सारी द्रव समुद्रात सोडला गेल्यानंतर, किनाऱ्याचा अनावश्यक वापर टाळा असे लोकांना कित्येक महिने सांगावे लागले होते आणि चालक कंपनीला न्यायालयात दंड झाला. तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरे सोडावी लागली, हेही मी विसरलेलो नाही. उद्योगाला जाब जरूर विचारावा, पण त्याची शिक्षा तिथल्या गावांना देऊ नये.

प्रवासाविषयी थोडेसे. मँचेस्टरहून एका दिवसात जाऊन येण्याची घाई करू नये, एक मुक्काम ठेवावा. बॅरो ते कार्लाइल ही रेल्वे समुद्राच्या काठाकाठाने जाते. व्हाइटहेवनच्या बीकन संग्रहालयात सेलाफील्डचा इतिहास मांडलेला आहे. सेंट बीसच्या कड्यांवरचे समुद्रपक्षी, गॉसफर्थच्या चर्चच्या आवारातला व्हायकिंगकालीन उंच क्रूस, इंग्लंडमधला सर्वांत खोल वास्टवॉटर तलाव आणि रेव्हनग्लासहून सुटणारी छोटी वाफेची गाडी, एवढे मुलांना पुरेल.

दोन गोष्टी राहिल्या. प्रवेशद्वाराशी थांबून छायाचित्रे घेऊ नयेत, कारण तिथे सशस्त्र पोलीस असतात आणि चौकशी होते. आणि या भागात सर्वाधिक किरणोत्सार पोहोचतो तो स्थानिक शिंपले व खेकडे वर्षभर भरपूर खाणाऱ्यांना, तोही कायदेशीर मर्यादेच्या आत, तेव्हा एका जेवणाने काही होत नाही. एवढे वाचूनही घरातल्या कोणाच्या मनात भीती असेल, तर तो वाद प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच मिटवावा, मुलांचे बूट काढून झाल्यावर नव्हे.