वाळवंटात बेडूक मोजायचे कसे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात थरच्या वाळवंटातल्या सांड्यावर (तिकडचा एक सरडा) एक छोटी चौकट छापली होती, एवढीशीच, पानाच्या कोपऱ्यात. त्यावर इतके मेल येतील असं वाटलं नव्हतं. बाहेर धो धो पाऊस, घोडबंदर रोड तुंबलेला, आणि लोक विचारतायत वाळवंटाबद्दल! असो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न (घणसोली, बीएस्सी झूऑलॉजी शेवटचं वर्ष): वाळवंटातले सरडे, साप, बेडूक किती आहेत ते मोजतात कसं? सगळे तर बिळात नाहीतर वाळूखाली. आम्हाला मार्क-रिकॅप्चर शिकवलंय पण ते गणित फारच सोपं वाटतं, खरंच तसं होतं का?

उत्तर: नाही होत. शंका आली हे बरंच झालं, बरेच जण परीक्षेपुरतं पाठ करून पुढे जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा 60 सरडे पकडले, खूण केली, सोडून दिले. काही दिवसांनी परत गेलो, 50 पकडले, त्यातले 12 खुणेचे निघाले. मग 60 गुणिले 50 भागिले 12, म्हणजे 250 सरडे. याला लिंकन-पीटरसन म्हणतात, आणि आकडे लहान असले की हे उत्तर थोडं फुगतं म्हणून चॅपमनची दुरुस्ती लावतात, तिने हाच आकडा 238 च्या आसपास येतो.

आता यात गृहीत काय काय धरलंय ते बघ. मधल्या काळात कोणी मेलं नाही, जन्मलं नाही, बाहेरून आलं नाही, खूण पुसली गेली नाही आणि प्रत्येक सरडा सापडण्याची शक्यता सारखीच. वाळवंटात यातलं एकेक गृहीतक कोसळतं. रंगाचा ठिपका दिला तर सरडा कात टाकतो आणि खूण कातेबरोबर जाते. बोटाचं टोक कापून नंबर द्यायची जुनी पद्धत आहे, ती टिकते, पण 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बेडकांचा जुना डेटा परत तपासला तेव्हा दिसलं की जितकी बोटं जास्त कापली तितके ते बेडूक परत कमी सापडले, म्हणजे मोजायच्या नादात आपणच आकडा बदलतोय. म्हणून आता शक्य तिथे कातडीखाली पिट टॅगची छोटी चिप घालतात, सापांना पोटाच्या खवल्यांवर खूण करतात, अंगावर नक्षी असलेल्या जातींचे नुसते फोटो काढून ओळख पटवतात. मला विचारशील तर फोटो जिथे चालतो तिथे दुसरं काही करूच नये.

पकडायला पिटफॉल ट्रॅप, म्हणजे जमिनीत काठापर्यंत पुरलेली बादली नाहीतर पाइप, आणि त्याकडे नेणारी जाळीची बुटकी भिंत, तिला ड्रिफ्ट फेन्स म्हणतात. सरडा भिंतीला आडवा आला की कडेकडेने चालत जातो आणि पडतो. ऐकायला मजा वाटते पण उन्हाळ्यात सकाळी उशीर झाला तर आतला प्राणी भाजून मरतो, मुंग्या लागल्या तर त्याहून वाईट. म्हणून उजाडताच फेरी, बादलीत सावलीला काहीतरी, बेडूक पडणार असतील तर ओला स्पंज, आणि काम नसेल तेव्हा झाकणं घट्ट बंद. प्रोजेक्ट करायला जाशील तिथे झाकणांचा हिशोब कोण ठेवतं ते पहिल्या दिवशी विचार, त्यावरून ती टीम कशी आहे ते कळतं.

पण खरी गोम वेगळीच आहे. तुला दिसले नाहीत म्हणजे ते नाहीत असं नसतं, आणि वाळवंटात बहुतेक वेळा बहुतेक प्राणी दिसतच नाहीत. रात्री दोन वाजता ठाणे स्टेशनवर माणसं मोजून ठाण्याची लोकसंख्या काढली तर जे होईल ते इथे रोज होतं. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातलं कासव आयुष्याचा 95 टक्के वेळ बिळात काढतं. तिथे ठरलेल्या रेषेवर चालत जाऊन दिसलेली कासवं आणि रेषेपासूनचं अंतर लिहितात, पण त्याच दिवसांत शेजारच्या भागात रेडिओ ट्रान्समीटर लावलेल्या काही कासवांवर दुसरी माणसं नजर ठेवतात, यातली आत्ता किती दिसण्यासारखी आहेत आणि किती खोल आत. दिसणाऱ्यांचं प्रमाण अर्धं निघालं तर चालणाऱ्यांचा आकडा दुप्पट करायचा, इतकं सरळ. हे प्रमाण न काढता कोरड्या वर्षी मोजणी केलीस तर वाटेल कासवं संपली, आणि ती बिचारी आत झोपलेली!

आणि एका वर्षाचा आकडा घेऊन कुठलंही विधान करू नकोस, प्लीज. वाळवंटात पाऊस पडला की गवत, गवतावर किडे, किड्यांवर सरडे, मग अंडी, मग पिल्लं, आणि पुढचं वर्ष कोरडं गेलं की यातलं बरंचसं गायब. अमेरिकेतला साइड-ब्लॉच्ड नावाचा छोटा सरडा घे, बहुतेक जण वर्षभरात मरतात, त्यामुळे त्यांचा आकडा पावसाबरोबर वर-खाली नाचतो. उलट ते मोहावेचं कासव वयात यायलाच साधारण 12 ते 20 वर्षं घेतं आणि पन्नासच्या वर जगतं. त्याचा आकडा वर्षानुवर्षं हलत नाही, आणि हलला की मग सावरायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं. त्याची पिल्लं डोमकावळे खातात, आणि हे डोमकावळे तिथे वाढले ते माणसाचा कचरा, पाणी आणि विजेचे खांब आले म्हणून. तिकडे 1990 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तरी 2004 ते 2014 च्या मोजणीत पाचपैकी चार विभागांत मोठी कासवं कमीच झालेली दिसली. म्हणून नुसतं किती आहेत विचारू नकोस, किती जगली, किती नवीन आली आणि किती आपल्याला दिसलीच नाहीत हे तीन आकडे वेगवेगळे काढायला शीक. जॉली-सेबर मॉडेल त्यासाठीच आहे, 1965 चं. गणित जड आहे पण आता सॉफ्टवेअर करतं, तू नोंदी नीट ठेव म्हणजे झालं.

प्रश्न (कोलशेत, ठाणे, निवृत्त शिक्षक): आमच्याकडे पूर्वी पहिल्या पावसात पिवळेधमक बेडूक रात्रभर ओरडायचे, आता कॉम्प्लेक्स झाले आणि आवाज बंद. इथे एवढ्या पाण्यात बेडूक टिकत नाहीत तर वाळवंटात कसे टिकतात?

उत्तर: काका, प्रश्न झकास आहे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जैसलमेरला दोनशेच्या आत, तरी तिथे बेडूक आहेत. कारण बेडकाला वर्षभर पाणी लागत नाही, योग्य वेळी थोडे दिवस साचलेलं डबकं लागतं आणि बाकीचा काळ लपायला ओलसर जमीन. तुमच्या कोलशेतला पाऊस तेवढाच पडतोय हो, पण डबकं साचायला जमीनच उरली नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक.

वाळवंटी बेडकांचा खरा बादशहा म्हणजे अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातला काउच स्पेडफूट. मागच्या पायाला फावड्यासारखी टणक कड, तिने उलटा उलटा खणत जमिनीत जातो आणि वर्षातले आठ-दहा महिने आतच. बाहेर यायची खूण म्हणजे ओलावा नाही बरं का, पावसाच्या-गडगडाटाच्या हादऱ्याची कंपनं. संशोधकांनी मोटर लावून जमीन थरथरवली तर पाऊस नसताना वर आले बिचारे! आणि एकदा वर आले की घाई बघा, त्याच रात्री जोड्या, अंडी दीड दिवसाच्या आत फुटतात, आणि डबकं तापलेलं असेल तर आठवड्याभरात बेडकाची पिल्लं पाय फुटून बाहेर. मध्ये वाळवीचे पंखवाले किडे पोटभर खाल्ले की एक-दोन जेवणात वर्ष निघतं.

आता मोजणाऱ्याची पंचाईत बघा. नर जोरात ओरडतात ते एक-दोन रात्री. त्या रात्री तुम्ही तिथे नसाल तर वहीत शून्य. म्हणून आता डबक्यांजवळ आपोआप चालू होणारे रेकॉर्डर लावून ठेवतात आणि पावसाच्या नोंदीशी जुळवतात. बऱ्याच वर्षी डबकं आधीच सुकतं आणि एकही पिल्लू वाचत नाही, तरी जात टिकते कारण मोठे बेडूक वर्षानुवर्षं जगतात आणि एखाद्या चांगल्या पावसाची वाट बघतात. म्हणजे डबक्यात मेलेली बेडकाची पिल्लं बघून लगेच गळा काढायचा नाही, पण म्हातारे बेडूक मरायला लागले, म्हणजे समजा डबक्याशेजारून रस्ता गेला आणि पावसाच्या रात्री गाड्यांखाली चिरडले, तर मात्र खेळ खलास. ऑस्ट्रेलियात तर असाही बेडूक आहे जो सुटलेल्या कातडीचा कोष अंगाभोवती करून जमिनीत काही वर्षं काढतो, तो संपलाय की आत आहे हे वरून कोण सांगणार?

तुमच्या पिवळ्या बेडकांबद्दल इथे बसून मी निकाल देणार नाही. पण शिक्षक आहात, एक करा, पावसाळाभर दर आठवड्याला एकाच जागी, एकाच वेळी दहा मिनिटं कान देऊन बसा आणि आवाज आला-नाही आला दोन्ही लिहा. ‘नाही आला’ पण लिहायचं, ते लोक लिहीत नाहीत.

प्रश्न (वाशी): सरडे उन्हातच मजेत असतात, मग हवामान बदलाचा त्यांना काय त्रास?

उत्तर: त्रास उन्हाचा नाही, वेळेचा. सरडा ऊन खाऊन अंग तापवतो, पण एका मर्यादेपलीकडे तापलं की सावलीत पळतो, आणि सावलीत बसून किडे मिळत नाहीत. दिवसातले असे बंद तास वाढले, खास करून मादीच्या पोटात अंडी-पिल्लं असतात त्या वसंतात, तर ऊर्जेचा हिशोब जुळत नाही. 2010 मध्ये सायन्स या जर्नलमध्ये मेक्सिकोतल्या सेलोपोरस सरड्यांचा अभ्यास आला होता, 48 जाती, 200 जागा, 1975 पासून तुलना केली तर 12 टक्के ठिकाणची वस्ती संपलेली. कडेलोट अचानक होत नाही, आधी पिल्लं कमी होतात आणि मोठे दिसत राहतात म्हणून कोणाला कळत नाही. मोहावेच्या कासवात अजून एक भानगड, अंडं कुठल्या तापमानात उबतं त्यावर नर की मादी ठरतं, गरम वाळूत माद्या, थोड्या थंडीत नर. वाळू सतत गरम राहिली तर नुसत्या माद्याच होणार.

प्रश्न (कोपरखैरणे, गृहिणी): मुलगी म्हणते राजस्थानला जाऊन सापसरड्यांवर काम करायचं. नातेवाईक हसतात, मला भीती वाटते. पाठवू का?

उत्तर: पाठवा ताई. नातेवाईक इंजिनीअरिंगला पण हसलेच असते. पण भीती अगदीच उगाच नाही, म्हणून सरळ सांगतो. तिकडे फुरसं आहे, आपल्या कोकणात असतं त्याचाच भाऊबंद, आकाराने लहान, वाळूत अर्धं गाडून बसतं आणि रात्री फिरतं. पश्चिम राजस्थानातल्या फुरशाच्या विषावर आपलं नेहमीचं अँटिव्हेनम कमी पडतं असं संशोधकांनी दाखवलंय, त्यामुळे ‘इंजेक्शन आहे ना’ म्हणून निर्धास्त राहायचं नाही. घोट्याच्या वर जाणारे बूट, चांगली टॉर्च, रात्री एकटीने नाही, हात घालण्याआधी बघायचं, आणि जवळचं मोठं हॉस्पिटल कुठे आणि तिथे जायला गाडी कोणाची हे आधी ठरलेलं. सापाला हातात धरून रील काढणाऱ्या गाईडपासून लांब राहायला सांगा, तो माणूस अभ्यासक नसतो.

शिक्षणाचं म्हणाल तर देहरादूनला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जोधपूरला काझरी म्हणजे सेंट्रल ॲरिड झोन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि झूऑलॉजिकल सर्व्हेचं वाळवंट केंद्र, आणि मुंबईत आपली बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहेच, 1883 पासून. आधी बीएनएचएसच्या एखाद्या कॅम्पला जाऊ दे, पावसात चिखलात उभं राहून तरी उत्साह टिकला तर मग पुढचं बोला. आणि तिला आत्ताच सांगून ठेवा की वन्यप्राणी पकडायला, नुसती खूण करायला सुद्धा, वनखात्याची लेखी परवानगी लागते. येऊरला पण तेच, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, रात्री बेडूक बघायला म्हणून मित्रमैत्रिणींबरोबर घुसायचं नाही.

प्रश्न (कळवा): स्टेशनबाहेर एक जण सांड्याचं तेल विकतो, सांधेदुखीवर चालतं म्हणतो. सांडा तर तुम्हीच छापलात, तेल खरं असतं का?

उत्तर: खरं असो की खोटं, घेऊ नका. सांडा हा थर आणि आसपासच्या कोरड्या भागातला गवत-पाला खाणारा सरडा, शेपटीत चरबी साठवतो, ती काढायला त्याला मारतात, बऱ्याचदा आधी पाठीचा कणा मोडून जिवंत ठेवतात म्हणजे पळत नाही. सांधे बरे होतात याला काहीही पुरावा नाही. त्याची मोजणी बिळांवरून करतात कारण साधारण एका बिळात एकच असतो, पण रात्री आणि थंडीत तो तोंड मातीने बंद करून घेतो, तेव्हा कुठलं बीळ वापरातलं आणि कुठलं रिकामं हे ओळखायला सरावलेली नजर लागते. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, तीच सरावलेली नजर शिकाऱ्याकडे पण असते. लग्गड ससाण्यासारखे शिकारी पक्षी त्याच्यावर जगतात, त्यामुळे सांडे गेले की नुसते सांडे जात नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो संरक्षित आहे, विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. तेलवाला परत दिसला तर भांडत बसू नका, वनखात्याच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा आणि जागा व वेळ नीट सांगा.