मुलीचा एमआरआय कशाला?

पत्र: मुलगी बारावी सायन्सला आहे, हुशार आहे. तिला पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत जाऊन मेंदूवर संशोधन करायचंय. तिच्या आईला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य) हा आजार आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मुलीला आजाराचं नाव सांगितलेलं नाही. गोळ्या पाकिटातून काढून बडीशेपेच्या डबीत ठेवतो. हा आजार 80 टक्के आनुवंशिक असतो म्हणे. मुलीचा एमआरआय आणि जीन टेस्ट करावी का? काही निघालं तर हॉस्टेल नको, इथेच बीकॉम करून बँकेच्या परीक्षा देईल. – एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर: नमस्कार. करिअरचं नंतर बघू, मी त्या डबीपाशीच अडकलेय. बायॉलॉजी शिकणारी, मेंदूवर संशोधन करू म्हणणारी मुलगी. तिला हा विषय उगाच सुचला असं वाटतं तुम्हाला? आई रात्र रात्र जागते, मग दिवस दिवस उठत नाही, हे ती लहानपणापासून बघत असणार. तुम्ही फक्त नाव लपवलंत. आणि लिथियमच्या गोळ्या सुट्या ठेवू नका हो, एखादी जास्त गेली तर अंगाशी येतं.

आता ते 80 टक्के. जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण 60 ते 85 टक्के असा आकडा येतो खरा, पण तो तुमच्या मुलीला असलेला धोका नव्हे. समाजात कुणाला हा आजार होतो, कुणाला होत नाही, या फरकात जनुकांचा वाटा किती, एवढंच तो सांगतो. धोका म्हणाल तर सर्वसाधारण माणसाला सुमारे 1 टक्का, आई किंवा वडिलांना आजार असेल तर साधारण 5 ते 10 टक्के. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना तरी तो होत नाही.

एमआरआयमध्ये तर काहीच 'निघणार' नाही. 2018 साली साडेसहा हजार लोकांचे स्कॅन एकत्र तपासले, तेव्हा बायपोलर असलेल्यांचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, सरासरीने किंचित पातळ दिसला. लिथियम घेणाऱ्यांमध्ये हा फरक कमी होता. पण ही हजारोंची सरासरी आहे, एकट्या माणसाच्या फिल्मवरून आजार ओळखता येत नाही. निरोगी नातेवाइकांच्या मेंदूचा साचा रुग्णांसारखाच असतो असंही नाही. जनुकांचं तेच: एक जनुक नाही, जनुकांच्या साखळीत शेकडो जागा आहेत आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. एवढ्यावर पोरीला बीकॉमला बसवणार? आणि बँकेत ताण नसतो हे कुणी सांगितलं? मार्चअखेरीला कुठल्याही शाखेत जाऊन बघा.

खरंच जपायचं असेल तर तिची झोप जपा. जागरणानं हा आजार उसळतो हे डॉक्टर रोज बघतात. क्लासची फी भरली म्हणून रात्री दोनपर्यंत टेस्ट सिरीज सोडवायला लावत असाल तर ती आधी थांबवा.

आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अभ्यासक्रम पाच वर्षांचा. एकाच घरात अनेकांना असे आजार असलेल्या कुटुंबांवर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत संशोधन चालतं; तिची आवड टिकली तर तिथवर वाट आहे.

पण एवढ्या पत्रात तुमच्या बायकोचं म्हणणं एका ओळीतही नाही. आजार तिचा आहे, मुलीला सांगायचा पहिला हक्कही तिचा. आधी तिला विचारा, मग तिघं मिळून तिच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि मुलीला हवे तेवढे प्रश्न विचारू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. त्यानंतर करिअरचं काही विचारायचं राहिलं तर पत्र मुलीनं लिहावं, तुम्ही नको.