धुरकं : धूर नाही, धुकंही नाही

प्रश्न असा आला आहे : ‘फोटोकेमिकल स्मॉग’ला ‘प्रकाशरासायनिक धुरके’ म्हणतात, पण त्यात धूरही नसतो, धुकंही नसतं, मग हा शब्द कसा चालतो?

शंका रास्त आहे. ‘धुरकं’ म्हणजे धूर अधिक धुकं. १९५२च्या डिसेंबरातल्या लंडनला तो चपखल बसतो : कोळशाचा धूर, गंधकाचे वायू आणि कडाक्याच्या थंडीतलं खरंखुरं धुकं.

लॉस एंजलिसचं प्रकरण निराळं. जुलै १९४३मध्ये तिथे भर उन्हाळ्यात लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस, त्यामुळे शत्रूनं विषारी वायू सोडल्याची आवई उठली. मग कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या कारखान्यावर खापर फुटलं. तो बंद ठेवूनही फरक पडेना. खरा गुन्हेगार दाखवला तो कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञानसंस्थेच्या हागेन-स्मिट यांनी, १९५०च्या आसपास. (त्याआधी हे गृहस्थ अननसाच्या स्वादाचं रसायन धुंडाळत होते!)

गुन्हेगार म्हणजे मोटारींतून निघणारे वायू आणि ऊन. इंजिनाच्या आचेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रिक ऑक्साइड होतो आणि बाहेर पडल्यावर त्याचा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड. ऊन त्यातला ऑक्सिजनचा एक अणू तोडतं. तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन. एरवी नायट्रिक ऑक्साइडच हा ओझोन खाऊन टाकतो. पण न जळलेल्या पेट्रोलची वाफ हवेत असली की तो तिच्या नादी लागतो आणि ओझोन साचत जातो. हागेन-स्मिट तो ओळखायचे रबरावरून : वाकवलेल्या रबराला ओझोननं तडे जातात.

म्हणजे शब्दाचे दोन्ही तुकडे इथे फोल. तरी मी ‘धुरकं’च ठेवीन. इंग्रजी ‘स्मॉग’ (स्मोक अधिक फॉग) या शब्दाचीही तीच गत आहे, आणि क्षितिज मळकट दिसतं एवढं तरी तो सांगतो. मात्र ‘प्रकाशरासायनिक’ परीक्षेपुरतं. बातमीत ‘उन्हातलं धुरकं’ म्हटलं तर वाचकाला कारणही कळतं.

क्रियापदाकडे मात्र लक्ष हवं. धुकं पडतं, उन्हं चढली की विरतं. हे धुरकं सकाळच्या रहदारीतून सामान जमवतं आणि ऊन तापलं की दाटतं. त्यामुळे ‘पहाटे उन्हातलं धुरकं पडलं’ हे व्याकरणात बसेल, रसायनशास्त्रात नाही. आणि सामान्यरूप ‘धुरक्या’ : धुरक्यात, धुरक्यामुळे. ‘धुरकेमुळे’ नको.