‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधल्या प्रतीकांवर लिहिताना ‘टॉम आणि बू’ यांच्यापुढे काय लिहायचं?

तुमच्या गाईडमध्ये ‘मॉकिंगबर्ड म्हणजे टॉम रॉबिन्सन आणि बू रॅडली, निष्पाप जिवाला मारणं हे पाप’ एवढंच दिलंय आणि पंधरा मार्कांच्या उत्तराला ते पुरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. (टॉम म्हणजे बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकलेला काळा माणूस, बू म्हणजे घराबाहेर न पडणारा शेजारी.) गाईडमधलं चूक नाही, पण त्याची सगळी नजर पक्ष्यावर आहे. हार्पर लीच्या या १९६० सालच्या कादंबरीत ते वाक्य ज्यांना ऐकवलंय, त्यांच्या हातात बंदूक आहे. उत्तराची सुरुवात तिथून करा.

दहावं प्रकरण काढा. वकील अॅटिकसच्या मुलांना, म्हणजे जेम आणि त्याची धाकटी बहीण, गोष्ट सांगणारी स्काउट यांना, नाताळात छर्ऱ्याच्या बंदुका मिळाल्यात, पण अॅटिकस त्यांना नेम धरायला शिकवत नाही. तो जेमला म्हणतो, तुम्ही पाखरांच्या मागे लागणार हे मला ठाऊक आहे, ब्लूजे हवे तेवढे मारा, पण मॉकिंगबर्डला मारणं पाप आहे. स्काउट लगेच नोंदवते की अमुक करणं पाप आहे असं अॅटिकसच्या तोंडून तिने एवढ्या एकाच वेळी ऐकलं. म्हणून ती शेजारच्या मिस मॉडीकडे जाते, आणि कारण मॉडी सांगते: हे पक्षी कुणाच्या बागेची नासाडी करत नाहीत, कणगीत घरटी बांधत नाहीत, फक्त गातात. इथे बरेच विद्यार्थी घसरतात. १९६२च्या चित्रपटात हे कारण अॅटिकसच जेवणाच्या टेबलावर सांगतो, म्हणून पेपरात ते त्याच्या नावावर टाकलं जातं. पुस्तकात ते मॉडीचं आहे.

पक्ष्याबद्दलही दोन शब्द, कारण आपल्याकडे तो दिसत नाही. मॉकिंगबर्ड दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो; आपला दयाळ किंवा कोतवाल करतो तशी. आणि ब्लूजे म्हणजे आपला नीलकंठ नव्हे. तो अमेरिकेतला वेगळाच, कर्कश ओरडणारा पक्षी आहे.

आता त्याच प्रकरणाचा उरलेला भाग. रस्त्यावर पिसाळलेला कुत्रा येतो. शेरीफ हेक टेट स्वतःची बंदूक अॅटिकसच्या हातात देतो, अॅटिकसचा चष्मा रस्त्यावर पडतो आणि तो एका गोळीत कुत्र्याला पाडतो. आपला बाप एकेकाळी गावातला अव्वल नेमबाज होता हे मुलांना तेव्हा कळतं. त्याने तीस वर्षं बंदुकीला हात लावलेला नसतो. मॉडीच्या मते, देवाने आपल्याला इतर जिवांपेक्षा गैरवाजवी वरचढ केलंय हे उमगल्यावर त्याने बंदूक खाली ठेवली. वाक्य आणि प्रसंग एकाच प्रकरणात शेजारी ठेवलेत ते उगाच नाही. ‘मारू नका’ हा नियम ज्याचा नेम चुकत नाही अशा माणसाने, ज्यांच्या हातात नुकतीच बंदूक आलीय अशांना सांगितलाय. प्रतीक पक्ष्याच्या निरागसपणाचं आहेच, पण त्याहून जास्त ते ताकद असलेल्याच्या जबाबदारीचं आहे. हे एक वाक्य उत्तरात आलं की पुढचं सगळं त्याला जोडता येतं.

एकविसावं प्रकरण बघा, म्हणजे जोड कशी लागते ते कळेल. टॉमच्या खटल्यात ज्युरी निकाल घेऊन येतेय, उन्हाळ्याची रात्र आहे, तरी स्काउटला फेब्रुवारीतली ती थंड सकाळ आठवते, जेव्हा मॉकिंगबर्ड गप्प झाले होते. ती कुत्र्याचीच सकाळ. तिला वाटतं, अॅटिकस रस्त्यात उतरतोय, बंदूक खांद्याला लावतोय, चाप ओढतोय, आणि ती रिकामी आहे हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. संपूर्ण कादंबरीतली ही सर्वांत जोरकस प्रतिमा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि गाईडांत ती जवळजवळ नसतेच. टॉमचा वकील म्हणून अॅटिकसने कोर्टात नेम अचूक साधलेला असतो. टॉमवर आरोप करणाऱ्या गोऱ्या मेएलाला मार बसलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप बॉब युएल सगळ्यांसमोर डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालाय, उजव्यापेक्षा बारा इंच आखूड. तरी निकाल दोषी. त्या गावात सत्य ही रिकामी बंदूक आहे. भरलेल्या बंदुका तुरुंगाच्या पहारेकऱ्यांकडे आहेत, आणि चोविसाव्या प्रकरणात टॉमच्या अंगात सतरा गोळ्या सापडतात.

इथे एक सावधगिरी. टॉमला नुसता ‘गाणारा पक्षी’ करून सोडू नका, त्याने त्याचा माणूसपणा जातो. एकोणिसाव्या प्रकरणात तो साक्षीत सांगतो की मला मेएलाची कीव आली, आणि सरकारी वकील त्याच शब्दाला धरून बसतो. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामात काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची, हाच त्याचा खरा ‘गुन्हा’ ठरतो. कीव म्हणजे ज्याची कीव करतो त्याच्याकडे वरून बघणं, आणि ती वरची जागा त्याला नाकारलेली आहे. पक्ष्याचं रूपक टॉमला पूर्ण कवेत घेत नाही हे तुम्ही धीटपणे लिहा. परीक्षक त्यावर मार्क कापत नाही, उलट देतो.

बाकी प्रतीकं किती घ्यायची? दोन पुरेत. मेएलाच्या कुंपणाजवळची लाल जिरेनियमची सहा टवके उडालेली भांडी एका ओळीत उरकतील. पण म्हाताऱ्या शेजारीण मिसेस ड्यूबोसचा कॅमेलिया हा फुलझाडाचा तपशील (प्रकरण ११) आणि रॅडलींच्या झाडाची ढोली यांना जागा द्या. कॅमेलियाबद्दल ‘शौर्य’ एवढा शब्द लिहून थांबू नका, यंत्रणा सांगा. तिची कॅमेलियाची झाडं तोडल्याची शिक्षा म्हणून जेम रोज तिला वाचून दाखवायला जातो, गजराचं घड्याळ रोज थोडं उशिरा वाजतं, आणि त्या वाढत्या वेळात म्हातारी मॉर्फिनचं व्यसन सोडत असते. हरणार हे ठाऊक असून सुरू करणं म्हणजे शौर्य, असं अॅटिकस नंतर म्हणतो. त्याच्या तोंडी हे वाक्य खटल्याच्या आधी येतं, खटल्याचा निकाल वाचकाला तिथेच मिळतो. शिवाय ही बाई त्याच अॅटिकसला काळ्यांची बाजू घेतो म्हणून शिव्या देत असते. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्यातही मोठेपण दिसावं, ही नैतिक मागणी बूबद्दलच्या सहानुभूतीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

ढोलीत मुलांना बूने ठेवलेलं च्युइंगगम, दोन जुनी नाणी, सुतळीचा गुंडा, साबणाच्या दोन बाहुल्या, बंद पडलेलं घड्याळ सापडतं. सातव्या प्रकरणात बूचा भाऊ नेथन रॅडली ढोली सिमेंटने बुजवतो, झाड मरतंय म्हणतो. अॅटिकस झाडाकडे बघून सांगतो, ते चांगलं ठणठणीत आहे. जेम अंधार पडेपर्यंत ओसरीवर उभा राहतो, आणि आत आल्यावर तो रडलाय हे स्काउटला त्याच्या मळक्या चेहऱ्यावरून कळतं. कारण तिला कळत नाही, वाचकाला कळतं. जाणतेपण जेमच्या वाट्याला आधी येतं, म्हणून ‘वयात येण्याची कादंबरी’ लिहिताना फक्त स्काउटबद्दल लिहिलं तर अर्धं उत्तर सुटतं.

स्काउटचं जाणतेपण तिसाव्या प्रकरणात येतं. हॅलोविनच्या रात्री (अठ्ठाविसाव्या प्रकरणात रॅडलींच्या झाडावर एक मॉकिंगबर्ड अंधारात गात असतो, तो तपशील घ्याच) बॉब युएल मुलांवर हल्ला करतो आणि बू त्यांना वाचवतो. हेक टेट ठरवतो की युएल स्वतःच्याच सुऱ्यावर पडून मेला. बूला गावासमोर ओढायचं नाही. कायद्याला चिकटून राहणारा अॅटिकस अडखळतो, आणि ती चिमुरडी त्याला म्हणते, ते म्हणजे मॉकिंगबर्डला मारण्यासारखंच की. दहाव्या प्रकरणात ऐकलेलं पाखरांबद्दलचं वाक्य ती आता स्वतः माणसाला लावते, तेही ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच. इथे हेही लिहा की बू पक्ष्यासारखा निरुपद्रवी नाही, त्याच्या हातून माणूस मेलाय. गावाच्या हातात त्याला उघडं पाडायची ताकद आहे आणि ती वापरली जात नाही. टॉमच्या बाबतीत हेच झालं नाही.

यानंतर एकतिसावं प्रकरण जास्तीत जास्त पाच ओळींत घ्या. ‘दुसऱ्याच्या कातडीत शिरून बघ’ हे तिसऱ्या प्रकरणातलं अॅटिकसचं सांगणं आहे, आणि स्काउट रॅडलींच्या ओसरीवर उभी राहून आपली गल्ली बूच्या जागेवरून बघते, एवढं बहुतेकांना लिहिता येतं. तुम्ही त्याआधीच्या ओळी घ्या. ती बूने दिलेल्या वस्तू एकेक करून मोजते, यादीच्या शेवटी आपला जीव धरते, आणि तिला वाईट वाटतं की शेजारी शेजाऱ्याला काही परत देतो, आपण मात्र त्या झाडात कधीच काही ठेवलं नाही.