सेडरची चांदी : डाग, माप आणि उकळते पाणी

प्रश्न : पेसाहच्या (वल्हांडणाच्या, ज्यू सणाच्या) सेडरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, आम्ही नक्षीदार चांदीचे ताट मांडतो. दरवर्षी अंड्याच्या जागी काळा आणि मिठाच्या पाण्याच्या जागी खरबरीत डाग पडतो. सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइल टाकून ताट गरम पाण्यात ठेवले तर चालेल का?

उत्तर : नक्षीकामावर हा उपाय कृपया करू नका. फॉइलमुळे काळपटपणा जातो खरा, पण सगळीकडचा जातो. खोलगट रेघांमध्ये कारागिराने मुद्दाम ठेवलेली काळी छटाही निघते आणि द्राक्षवेली, अक्षरे सपाट, निर्जीव दिसू लागतात.

तुमचे दोन डाग वेगवेगळ्या कारणांचे आहेत. अंड्यात गंधक असते. सेडरचे अंडे उकडून भाजतात, भाजताना कवच तडकते आणि तिथे चांदीचे सल्फाइड तयार होते. मारोर (कडू भाजी) म्हणून किसलेला हॉर्सरॅडिश ठेवत असाल तर त्याचा झणझणीतपणाही गंधकाच्याच संयुगाचा. हे डाग निघतात. बारीक खडूची पूड आणि डिस्टिल्ड वॉटर यांची पातळ पेस्ट सुती कापडावर घेऊन, गोल न फिरवता एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा. पेस्ट सुकण्याआधी मऊ ब्रशने खाचांमधून काढा, नाहीतर नक्षीत पांढरी पूड बसते. मग धुऊन लगेच कोरडे करा.

मिठाचे काम वाईट. क्लोराइड धातू खाते. 925 चांदीत साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबे असते. हिरवट ठिपके त्या तांब्याचे. एकदा खड्डा पडला की तो घासून भरत नाही, उलट भोवतालची नक्षी झिजते. मुलामा असेल तर आतला धातूच उघडा पडतो.

सेडर तासन्‌तास चालतो, तेवढा वेळ पदार्थ चांदीला चिकटलेले असतात. म्हणून झेरोआ (भाजलेले हाड), बेइत्झा (अंडे), मारोर, हारोसेत (फळे, सुकामेवा आणि वाइनचे मिश्रण), कार्पास (हिरवी भाजी), हाझेरेत (दुसरी कडू भाजी) या सहाही जागांवर काचेच्या छोट्या वाट्या बसवा. हारोसेतमध्ये वाइन असते, तेही आम्लच. मिठाचे पाणी तर चांदीच्या भांड्यात घेऊच नका. जेवण आटोपल्यावर ताट कोमट पाण्याने धुऊन ठेवा. वर्षभर ते सुती कापडात राहू द्या. रबरबँड, लोकरीचे कापड आणि वर्तमानपत्र नको. रबर आणि लोकर दोन्हींत गंधक असते.

प्रश्न : तीन खणांचे, वर वाट्या असलेले ताट घ्यायचे आहे. काय पाहावे?

उत्तर : तीन खणांत तीन मात्झा (बिनखमिराच्या भाकऱ्या) ठेवतात, म्हणून आधी मात्झा मोजा. यंत्रावरचा चौकोनी मात्झा साधारण 18 सेंटिमीटरचा असतो, हाताने लाटलेला गोल मात्झा 25 ते 30 सेंटिमीटरचा. अनेक सुंदर ताटांत गोल मात्झा मावतच नाही.

प्रश्न : किद्दुशच्या (वाइनवरील आशीर्वादाच्या) पेल्याचे माप किती असावे? आणि तोच पेला उकळत्या पाण्यात घालून पेसाहसाठी शुद्ध करता येईल का?

उत्तर : किमान एक रेवीइत, हे द्रव मोजायचे जुने धार्मिक माप. त्याचे आजचे माप ज्यू धर्मशास्त्राचे अभ्यासक वेगवेगळे सांगतात: रब्बी (धर्मगुरू) हाइम नाए यांच्या हिशेबाने ते 86 मिलिलिटर, हाझोन इश यांच्या कडक हिशेबाने सुमारे 150. जाड बुडाचे, उंच दांड्याचे पेले दिसतात मोठे, पण आत कमी मावते. पाणी भरून मोजपात्रात ओता. एलियाहू संदेष्ट्यासाठी भरून ठेवलेल्या पेल्याला हा हिशेब लावायची गरज नाही, त्यातून कोणी सेडरला प्यायच्या चार पेल्यांपैकी एकही पीत नाही.

हागाला (उकळत्या पाण्याने भांडे शुद्ध करणे) करताना पेला आधी खाचाखोचांसह स्वच्छ करतात, 24 तास वापरत नाहीत, मग पूर्ण उकळत्या पाण्यात बुडवून थंड पाण्याने धुतात. अडचण बुडाची आहे. पोकळ बूड वजनासाठी डांबरासारख्या राळेने किंवा प्लास्टरने भरलेले असेल, तर उष्णतेने राळ वितळून सांध्यातून झिरपते आणि बूड डुगडुगू लागते. डिंकाने बसवलेले खडेही सुटतात. पेला आकाराच्या मानाने जड लागला, बुडाखाली कापड किंवा पत्रा बसवलेला दिसला, तर तो उकळू नका. अशा पेल्याबाबत रब्बींना त्याचे बूड दाखवूनच विचारा. शक्य असेल तर पेसाहसाठी एकसंध पत्र्याचा, साधा पेला वेगळा ठेवा आणि नक्षीचा पेला वर्षभराच्या शब्बाथला (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतिदिनाला) वापरा.