न्यू जर्सीत कन्सील्ड कॅरी परमिटला किती खर्च येतो? दोनशे डॉलर ही फक्त शेवटची पावती

प्रश्न असा आहे: "न्यू जर्सीत आमचं छोटं दुकान आहे. रात्री दुकान बंद करून गल्ला घेऊन मला एकटीला घरी यावं लागतं. मी ग्रीन कार्डवर आहे, नवरा एच-१बीवर. कन्सील्ड कॅरी परमिट काढायला एकूण किती खर्च येतो, आणि काढावं का?"

ताई, मीही याच राज्यात दुकान चालवते आणि हे परमिट, म्हणजे भरलेली गन कपड्यांआड लपवून बाहेर बाळगायचा परवाना, माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट तपासा. गन फक्त दुकानात, गल्ल्यापाशी हवी असेल तर कॅरी परमिट लागतच नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या मालकीच्या धंद्याच्या जागेत ती बाळगायला सूट आहे. गन विकत घेण्याची कागदपत्रं तेवढी लागतात. घरून दुकानात नेताना ती रिकामी करून कुलूपबंद पेटीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवायची. ही सूट मालकाला आहे, कामावर ठेवलेल्या माणसाला ती आपोआप लागू होते असं समजू नका. तुमची अडचण मात्र दुकान ते घर या वाटेवरची आहे. तिथे अंगावर भरलेली गन हवी असेल तर परमिटला पर्याय नाही.

आता पैसे. परमिटची फी २०० डॉलर, हे सगळेच सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याने ती ५० वरून २०० केली. त्यातले १५० तुमच्या गावाच्या पोलिसांकडे राहतात. काही गावांनी नंतर ठराव करून आपले १५० परत द्यायला सुरुवात केली आहे, म्हणून अर्ज भरण्याआधी तुमच्या टाउनशिपमध्ये विचारून घ्या.

पण ही पावती सगळ्यात शेवटी फाटते. सुरुवात होते फायरआर्म्स आयडी कार्डापासून, म्हणजे गन घेण्यासाठीच्या ओळखपत्रापासून. त्याची फी ५ डॉलर होती, त्याच कायद्याने ती ५० झाली. प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं खरेदी परमिट, ते २ डॉलरवरून २५ झालं. फिंगरप्रिंटचे साठेक डॉलर वेगळे, आणि ते द्यायला जायचं ते कामाच्या वेळात. मग पिस्तूल. कॅरीच्या अर्जात त्याचा मेक, मॉडेल आणि क्रमांक लिहायचा असतो, म्हणजे परमिट मिळेल की नाही हे कळण्याआधीच पाचेकशे डॉलर खर्चून बसायचं. त्यावर घरातली तिजोरी आणि बरा होल्स्टर, म्हणजे गन अंगावर ठेवायचं म्यान. होल्स्टरमध्ये काटकसर करू नका. ट्रिगर पूर्ण झाकणारा, घट्ट बसणारा हवा. पर्समध्ये सुटी गन टाकून फिरणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांची भीती वाटते.

शेवटी क्लास आणि रेंजवरची चाचणी. स्टेट पोलिसांनी ठरवलेली पन्नास गोळ्यांची चाचणी असते, त्यात ऐंशी टक्के नेम लागावा लागतो. वेगवेगळ्या अंतरांवरून झाडायच्या असतात, आणि २५ यार्डांवरून नवख्या माणसाचा हात थरथरतो. सरावाशिवाय जमत नाही. सराव म्हणजे रेंजची फी आणि गोळ्यांचे डबे. माझे क्लास, चाचणी आणि सराव मिळून साडेचारशे डॉलरच्या आसपास गेले. सगळं धरलं तर पहिल्यांदा तेराशे ते चौदाशे डॉलर हाताशी ठेवा. परमिट दोन वर्षांचंच असतं. त्यानंतर फी पुन्हा आणि चाचणीही पुन्हा. २०२२ च्या त्या कायद्यात गनमुळे कुणाला इजा झाली तर भरपाईसाठी तीन लाख डॉलरच्या विम्याचीही सक्ती होती. २०२३ मध्ये फेडरल न्यायालयाने ती थोपवली, नाहीतर तोही दरवर्षीचा हप्ता झाला असता.

चाचणी असावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रेंजवर उभं राहीपर्यंत मला वाटत होतं की आपल्याला सगळं येतं. आमच्या मास्तरांनी पहिला तासभर गोळीला हातच लावू दिला नाही, बोट ट्रिगरपासून लांब ठेवायचं एवढंच घोटून घेतलं. ते शिक्षण प्रत्येकाला मिळालंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ते सरकारने गावातल्या पोलिसांच्या रेंजवर नाममात्र पैशांत द्यावं.

आता रेफरन्सबद्दल, म्हणजे तुमच्या चांगल्या वागणुकीची ग्वाही देणाऱ्या ओळखीच्या माणसांबद्दल, कारण आपल्या लोकांची गाडी इथे अडते. कॅरी परमिटला चार माणसं लागतात. रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली चालत नाहीत आणि त्यांनी तुम्हाला निदान तीन वर्षं ओळखलेलं असावं लागतं. पोलीस त्यांच्याकडे चौकशी करतात: स्वभाव कसा, दारू किती, रागाच्या भरात कधी काही केलंय का. ज्याची सगळी हयात याच गावात गेली त्याला चार नावं पाच मिनिटांत सुचतात. तीन-चार वर्षांपूर्वी आलेल्या, दुकान आणि घर यापलीकडे कुठे न जाणाऱ्या बाईने ती कुठून आणायची? मी महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना विचारलं. एकीने पोलिसांच्या ईमेलमध्ये आपलं नाव नको म्हणून नकार दिला. दुसरीने होकार दिला आणि मग तिच्या नवऱ्याचा फोन आला, "वहिनी, तुम्हाला हे कशाला हवंय?" त्यांना दोष देत नाही. आपण ज्या घरांत वाढलो तिथे पोलीस दारात येणं हीच नाचक्की. माझ्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर होती. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबांना फौजदारासमोर बाकावर बसून राहावं लागायचं. बंदुकीचा कागद म्हणजे साहेबाची मेहरबानी, हे आपल्यात मुरलेलं आहे. म्हणून रेफरन्स आधी पक्के करा. चौघांना बसवून सांगा काय विचारतील ते, आणि प्रश्नावली वेळेत भरून द्यायला लावा. एकाने उशीर केला तरी अर्ज तिथेच पडून राहतो.

अर्जात आणखी एक प्रश्न येतो: मानसिक आजारासाठी कधी डॉक्टरांकडे उपचार घेतलेत का. सोबत तुमच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमतीही द्यावी लागते. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषध घेतलेलं असेल तरी खरं लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. उपचार घेतले म्हणून आपोआप नकार येत नाही, खोटं लिहिणं मात्र गुन्हा आहे. या प्रश्नाच्या धाकाने लोक समुपदेशकाकडे जायचं टाळतात, हे मी जवळून पाहिलं आहे. तुम्ही तसं करू नका.

आमच्या दुकानात कॅश काउंटरवर एक बाई होती. दोन मुलं, जुना नवरा धमक्या द्यायचा, कोर्टाचा मनाई हुकूम तिच्या पर्समध्ये असायचा. तिलाही परमिट हवं होतं. ताशी सोळा डॉलरच्या आसपास मजुरी. चौदाशे डॉलर म्हणजे तिच्या दोन आठवड्यांहून जास्तीची कमाई, करांच्या आधीची. त्यात फिंगरप्रिंट, क्लास, मुलाखत यांसाठी घेतलेल्या सुट्ट्या बिनपगारी. आयडी कार्ड आलं आणि तिने तिथेच सोडलं. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. धोका तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता आणि परमिट मला मिळालं, याचा मला अजूनही राग येतो.

हा राग हवेतला नाही. २०१५ मध्ये याच राज्यातल्या बर्लिन टाउनशिपमध्ये एका महिलेने पूर्वीच्या जोडीदाराविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि पिस्तूल घेण्यासाठी अर्ज केला. कायद्याप्रमाणे पोलिसांनी तीस दिवसांत निर्णय द्यायचा होता. तीस दिवस उलटून गेले, उत्तर आलं नाही, आणि जूनमध्ये त्या माणसाने तिच्या घरासमोरच तिला भोसकून मारलं. हातात पिस्तूल असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण तो निर्णय तिचा होता, आणि तो टेबलावरच्या फायलीत अडकला.

त्या काळी कॅरी परमिट तर सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नसे, कारण "खास गरज" सिद्ध करावी लागे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या ब्रूएन खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांच्या त्या निकालात एक तळटीप आहे: परमिटची पद्धत असायला हरकत नाही, पण लांबलचक प्रतीक्षा किंवा अवाच्या सवा फी लावून सामान्य नागरिकाचा हक्क हिरावला जात असेल तर त्याला आव्हान देता येईल. निकालाला सहा महिने झाले नाहीत तोच न्यू जर्सीने फी चौपट केली. न्यूयॉर्क शहरात तर अर्जाचेच ३४० डॉलर, फिंगरप्रिंटचे ८८ वेगळे, आणि सोळा तासांचा वर्ग अधिक दोन तास रेंज. आणि डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की शेरीफच्या कार्यालयात २० डॉलर, पाच वर्षांचं परमिट, चाचणी नाही. देशातल्या २९ राज्यांत तर परमिटशिवायच गन बाळगता येते. मला पेनसिल्व्हेनियासारखी चाचणीच नसलेली पद्धतही पटत नाही. पण तिथल्या गरीब बाईला निदान दार उघडं आहे.

तो पूल मात्र जपून ओलांडा. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचं परमिट मानत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई पेनसिल्व्हेनियाचं परमिट आणि गन घेऊन इकडे आली. गाडी थांबवल्यावर तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं, आणि तिच्यावर साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची वेळ आली. २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. ती अमेरिकन नागरिक होती. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, हे विसरू नका. ग्रीन कार्डवर गन घेता येते आणि परमिटही काढता येतं, पण बेकायदा बाळगल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेवढ्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. नागरिकासाठी जो वकिलाचा खर्च आहे, तो तुमच्यासाठी घरादाराचा प्रश्न आहे.

आणि चूक व्हायला जागा भरपूर आहेत. शाळा, कॉलेज, पाळणाघर, कोर्ट, मतदान केंद्र, इस्पितळ, ग्रंथालय, म्युझियम, उद्यान, दारू मिळणारं रेस्टॉरंट, अशी बंदी असलेल्या जागांची यादीच कायद्यात आहे आणि तिथे गन नेणं हा थर्ड डिग्रीचा, म्हणजे कैद होऊ शकेल असा, गुन्हा आहे. यातल्या काही कलमांवर न्यायालयात भांडण चालू आहे, त्यामुळे यादी बदलत राहते. स्टेट पोलिसांचं आणि ॲटर्नी जनरलचं संकेतस्थळ दर काही महिन्यांनी बघावंच लागतं. दुकानातून निघाल्यावर मुलाला पाळणाघरातून आणायचं असेल तर गनचं काय करायचं, हे सकाळी घरातून निघतानाच ठरवावं लागतं. पोकळ टोकाच्या (हॉलो पॉइंट) गोळ्या बाहेर बाळगायलाही इथे बंदी आहे, परमिट असलं तरी. दुसऱ्या राज्यातल्या दुकानदाराचं ऐकून त्या खिशात घालू नका.

तुमच्या मिस्टरांबद्दल. एच-१बीवरच्या माणसाला फेडरल कायद्याने गन किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर जाऊ नका. घरात तिजोरी असेल तर तिचा आकडा फक्त तुम्हाला माहीत हवा, किल्ली फक्त तुमच्याकडे हवी. ते रेंजवर सोबत आले तरी गन हातात घ्यायची नाही. आणि घरात कुणी गांजा घेत असेल, अगदी न्यू जर्सीत कायदेशीर दुकानातून आणलेला, तरी गांजा घेणाऱ्याला फेडरल कायदा गन ठेवू देत नाही.

काढावं का, याचं माझं उत्तर: तुमच्या जागी मी आधी गल्ल्याची वेळ बदलेन. रोख रोज दुपारी बँकेत भरा, रात्री हातात काही राहू देऊ नका, दुकान बंद करताना कुणीतरी सोबत असू द्या. त्यानेही धोका जात नसेल तर परमिट जरूर काढा, तो तुमचा हक्क आहे. इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला, मग चार रेफरन्स पक्के करा आणि आजच आयडी कार्डाचा अर्ज टाका. कॅरीच्या अर्जावर निर्णयाला कायद्याने नव्वद दिवस आहेत, वर तीस दिवसांची मुदतवाढ मिळू शकते. त्याआधीचे आयडी कार्ड, खरेदी परमिट आणि चाचणीचे आठवडे वेगळे. दिवाळीच्या गर्दीआधी परमिट हातात हवं असेल तर वसंतातच सुरुवात करा.