गोल्डफिशच्या टाकीतलं पाणी तापलं तर बर्फ टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की दुपारी टाकीतलं पाणी ३२ अंशांवर जातं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, तर टाकीत थेट बर्फ टाकला तर चालेल का. आणि थंडीत हीटर लावावा का. बर्फ टाकू नका. का ते पुढे सांगतो, पण मासे वर येतायत हे जास्त तातडीचं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून बसलेल्या गोल्डफिशला श्वास पुरत नसतो. पाणी तापत जातं तसा त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. हा फरक किरकोळ वाटेल, पण माशाचं शरीर पाण्याबरोबरच तापतं. त्याच्या अंगातल्या सगळ्या क्रिया वेग घेतात आणि १० अंशांच्या वाढीला ऑक्सिजनची गरज साधारण दुपटीच्या घरात जाते. थोडक्यात, आवक घटते आणि खर्च दुप्पट. शिवाय फिल्टरमधले उपयोगी जिवाणू आणि तळाशी कुजणारं उरलेलं खाणं हे दोघंही त्याच ऑक्सिजनचे वाटेकरी.

दुसरं कारण अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून तो सतत पाण्यात येत असतो आणि त्याचा काही भागच विषारी रूपात असतो. पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) तोच राहिला तरी २० वरून ३० अंशांवर जाताना हा विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. हिवाळ्यात ज्या टाकीत मासे मजेत होते, त्याच टाकीत उन्हाळ्यात ते अचानक गळपटतात, त्यात या अमोनियाचाही हात असतो.

म्हणून तापमानाच्या मागे लागण्याआधी पाणी हलतं करा. एअर पंप असेल तर रात्रंदिवस चालू ठेवा. फिल्टर बाहेरून टांगायचा असेल तर पाण्याची पातळी तीन-चार बोटं खाली आणा, म्हणजे धार वरून पडून पृष्ठभाग ढवळला जाईल. फिल्टर आत बुडवायचा असेल तर त्याचं तोंड वरच्या बाजूला वळवा. एअर स्टोनच्या (एअर पंपाच्या नळीला लावलेल्या सच्छिद्र दगडाच्या) बुडबुड्यांतून पाण्यात थेट फारसा ऑक्सिजन उतरत नाही. बुडबुडे तळाचं पाणी वर ओढतात आणि पृष्ठभाग फोडतात, खरी देवाणघेवाण तिथे होते. आरशासारखा संथ, चकचकीत पृष्ठभाग दिसला की समजा हवा कमी पडतेय. तासाभराने कल्ल्यांची झाकणं बघा. धापा कमी होऊन मासे पुन्हा मधल्या पाण्यात, खडे चाळायला तळाशी जाऊ लागले तर निदान बरोबर होतं. त्या दिवशी खाणं देऊ नका. निरोगी मोठा गोल्डफिश एक-दोन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही.

आता आकडे. साध्या लांबट जाती आणि कॉमेट यांना १८ ते २२ अंश मानवतं; ओरांडा, रँचू, फँटेल अशा गोलमटोल जातींना २० ते २४. हवा चांगली मिळत असेल तर २७-२८ पर्यंत मासे निभावून नेतात. ३० च्या वर मात्र रोज काही तास जात असतील तर तो कायमचा ताण आहे. आणि आकड्याइतकंच महत्त्व चढउताराला आहे. बागेतल्या तळ्यात हाच मासा वर बर्फाचा थर असतानाही जगतो, कारण ते पाणी आठवडेच्या आठवडे हळूहळू थंड होत गेलेलं असतं. तेवढाच उतार घरातल्या टाकीत एका तासात आला तर तो आजारी पडतो. पांढरे ठिपके पडण्याचा रोग अशा धक्क्यांनंतर हटकून डोकं वर काढतो. तासाला एका अंशापेक्षा जास्त फरक होऊ देऊ नये, असा मी नियम पाळतो.

बर्फ नको म्हणतो तो यासाठीच. १०० लिटरच्या टाकीत १ किलो बर्फ पूर्ण वितळला तर पाणी जेमतेम १ अंशाने उतरतं. म्हणजे ट्रेमधले पाच-सहा खडे टाकणं हा निव्वळ मनाचा समज. आणि परिणाम दिसेल इतका बर्फ टाकलात तर तो उतार एकदम येतो, बर्फ संपला की पाणी पुन्हा चढतं, आणि माशाला एका दिवसात दोन धक्के बसतात. १० लिटरच्या भांड्यात तोच १ किलो म्हणजे दहा अंशांची घसरण. ती जीवघेणी ठरू शकते. नळाच्या पाण्याचा बर्फ असेल तर क्लोरीनही आलंच.

त्यापेक्षा पंखा लावा. टाकीचं झाकण काढा, वर जाळी टाका (गोल्डफिश उड्या मारत नाहीत यावर विसंबू नका) आणि छोटा टेबल फॅन असा ठेवा की वारा पाण्यावरून तिरपा जाईल. पंखा पाण्यात पडणार नाही असा पक्का बसवा आणि त्याची वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर येऊ द्या, म्हणजे ओघळ आला तरी थेंब सॉकेटपर्यंत जात नाहीत. बाष्पीभवनाची ताकद लोकांना खरी वाटत नाही. १ लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढ्यात १०० लिटर पाणी साडेपाच अंशांनी थंड व्हावं. खोलीची उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात २ ते ४ अंशच पडतात, पण ते सावकाश पडतात आणि टिकतात. दमट हवेत हा फायदा कमी होतो. अशा वेळी खोली थंड करणं किंवा चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) हेच उपाय उरतात. उडालेल्या पाण्याची भर रोज घाला, अँटीक्लोरीन टाकलेल्या आणि टाकीइतक्याच तापमानाच्या पाण्याने. मात्र वाफ होताना क्षार मागेच राहतात, त्यामुळे नुसती भर घालून भागत नाही. दर आठवड्याचं पाणी बदलणं चालू ठेवा.

वीज गेली, पंखा बंद, पाणी ३३ कडे निघालंय, अशा अडचणीत बंद बाटलीत गोठवलेलं पाणी टाकीत तरंगत ठेवता येतं. एका वेळी एकच बाटली, आणि नजर थर्मामीटरवर. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र मी बाटलीच्याही आधी लावेन.

उष्णता येते कुठून तेही बघा. खिडकीतलं ऊन, फ्रिजची मागची बाजू, झाकणाखालचे जुने ट्यूबलाइट. पाण्यात बुडालेली मोटर जितके वॅट खाते, ती सगळी उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावले तरी फरक पडतो. काचेला बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी काचेचं आणि खोलीचं मिळून काहीतरी दाखवते. आत बुडणारा साधा काचेचा थर्मामीटर घ्या आणि सकाळी, दुपारी असे दोन्ही आकडे लिहून ठेवा.

हीटरबद्दल: खोली १५-१६ अंशांच्या खाली जात नसेल तर साध्या जातींना गरज नाही. गोलमटोल जाती असतील, किंवा रात्रीत पाणी चार-पाच अंशांनी पडत असेल, तर लावा. पण १८-२० वर, नुसता आधार म्हणून. पांढऱ्या ठिपक्यांवर पाणी ३० अंशांपर्यंत तापवण्याचा सल्ला मिळेल, तो उष्ण कटिबंधातल्या माशांसाठी आहे. हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ आणि थर्मामीटर समोरच्या कोपऱ्यात ठेवा. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट कधीतरी चालू अवस्थेतच अडकतो, तेव्हा असाच लांबचा थर्मामीटर उपयोगी पडतो. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून १५ मिनिटं थांबा, नाहीतर पाणी उतरल्यावर तापलेली काच तडकते.

टाकी किती लिटरची आणि त्यात मासे किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ३०-४० लिटरमध्ये तीन-चार असतील तर वरचं सगळं केलं तरी दुपारची तगमग पूर्ण थांबणार नाही, कारण थोडं पाणी झटकन तापतं. आकडे कळवा, मग पंखा पुरेल की टाकीच मोठी घ्यावी लागेल ते सांगता येईल.